न पुकारलेले दोन गोल

महिना-दीड महिन्यापूर्वी एका दुपारी माळवदावर तुरीच्या शेंगा वाळत घालायला चढले आणि जिनिंगच्या भिंतीपलीकडून काठीवर चेंडू लागल्याचा आवाज आला. एकच आवाज, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा एक. हात तसाच शेंगांत राहिला. दोन वर्षं तो आवाज आला नव्हता. दोन वर्षं त्या मैदानात गवत वाढत होतं आणि तिथे कोणाच्या म्हशी चरतात याकडेही कोणी बघत नव्हतं. म्हणजे यंदा सामने होणार. आनंद व्हायला हवा होता. झाला असेलही, पण आधी थकवा आला. आता पुन्हा ते सगळं ऐकायचं, असं मनात आलं आणि मी तिथेच पोत्यावर बसले.

आमच्या हिंगोलीत हॉकीचा मोसम हिवाळ्यात येतो. कापूस वेचून झाला की जिनिंगचं इंजिन धडधडायला लागतं. कापसाचे तंतू उडत येऊन दांडीवरच्या लुगड्यांना चिकटतात, दुधाच्या पातेल्यात पडतात, माणसाच्या पापण्यांवर बसतात. संध्याकाळी भांडी घासताना बोटं बधिर होतात. त्याच दिवसांत जुन्या छावणीच्या मैदानावर चुन्याच्या रेघा ओढल्या जातात. पलटण कधीच निघून गेली. तिनं मागे ठेवलं ते एवढंच, एक सपाट मैदान आणि हॉकीचं वेड. नांदेड, परभणी, वसमत, कळमनुरी, कुठून कुठून संघ यायचे, कोणी रेल्वेनं, कोणी बैलगाडीनं. सामन्याच्या दिवशी जिनिंगचा मालक दुपारनंतर इंजिन बंद ठेवायचा. मजूर म्हणायचे, मालकाला आमची दया येत न्हाई, हॉकीची येते.

मला हॉकी कळते. बाईनं असं म्हटलं की लोक हसतात, म्हणून मी फारसं म्हणत नाही. माझं माहेर वसमतचं. तिथे आमच्या घरामागे अडतीचं अंगण होतं. हळदीच्या दोन पोत्यांच्या मध्ये मला उभं करून माझा धाकटा भाऊ दत्ता बाभळीच्या वाकड्या फांदीनं चिंध्यांचा चेंडू मारायचा. मी गोलकीपर. परकर खोचून, पाय पिवळे करून घ्यायची. आई ओरडायची, "अगं, पोरीच्या जातीनं असं तंगड्या पसरून उभं ऱ्हावं व्हय?" आणि मग तीच ओट्यावर बसून गोल मोजायची. वडील लवकर गेले होते, त्यामुळे त्या घरात हसण्याची जागा ती एवढीच होती. दत्ताचा चेंडू डाव्या अंगानं, अगदी जमिनीलगत यायचा आणि शेवटी शेवटी आत वळायचा. मला तो कधी अडवता आला नाही. पुढे त्याच्या हाती खरी काठी आली, वसमतच्या संघात डावीकडची जागा मिळाली आणि माझं लग्न होऊन मी हिंगोलीला आले.

लग्न झालेल्या बाईला मैदान कुठलं? आमचं घर मैदानापासून हाकेच्या अंतरावर, पण मध्ये जिनिंगची उंच भिंत आणि तिच्या कडेनं कडुलिंबाची झाडं. माळवदावर उभं राहिलं की धूळ दिसते, शेंड्यांवरचे पोपट दिसतात, फार उंच उडालेला एखादा चेंडूही दिसतो. बाकी सगळं ऐकायचं. गल्लीतल्या आम्ही बायका अशाच हॉकी बघायचो. कोणी वाती वळायची, कोणी शेंगा सोलायची आणि सगळ्यांचे कान भिंतीपलीकडे. तिकडे काय चाललं आहे हे आम्हाला सांगायचं काम एकाच माणसाकडे होतं. ते म्हणजे गणपतराव.

गणपतराव मुन्सफाच्या कोर्टात पुकारा करायचे. पक्षकार बाहेर झाडाखाली बसलेले असत. यांनी दारात उभं राहून नाव घेतलं की ते बाजारापर्यंत ऐकू जायचं. साहजिकच सामन्यांचा पत्र्याचा भोंगाही त्यांच्याच हाती आला. निम्मी उर्दू, निम्मी मराठी आणि थाट सगळा कोर्टाचा. "हिंगोलीका मधुकर, वल्द विनायकराव, गेंद घेऊन निघाले! बाजू व्हा!" हा मधुकर म्हणजे माझा धाकटा दीर, मधुभाऊजी. 'वल्द विनायकराव' कानावर आलं की माझ्या सासूबाई पदर सावरून बसायच्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. गेलेल्या नवऱ्याचं नाव गावभर घुमतं आहे, हे त्यांना फार आवडायचं. एरवी त्या घरात ते नाव घ्यायचं कोणी?

इतकी वर्षं नुसतं ऐकून ऐकून या पुकारणाऱ्या जातीवर माझा चांगलाच अभ्यास झाला आहे. आपल्या गड्याला नाव असतं, बापाचं नाव असतं, गल्ली असते. समोरच्याला काहीच नसतं. तो 'वसमतका एक पोऱ्या' किंवा 'कळमनुरीका लंबू'. आपला गडी पडला तर जमीन खराब आणि त्यांचा पडला तर नाटक. पंचानं आपल्या बाजूनं शिट्टी फुंकली तर पंच खानदानी माणूस, उलट फुंकली तर त्याला संध्याकाळची गाडी पकडायची घाई. आणि समोरच्यांनी गोल केला तर गणपतराव गप्प बसायचे. खोटं बोलायचे नाहीत, हे मात्र सांगितलं पाहिजे. अखेर कोर्टातला माणूस. नुसता भोंगा खाली घ्यायचे. थोड्या वेळानं घसा खाकरून पुन्हा सुरू व्हायचे, "गेंद मध्यावर. हिंगोली तयार!" गेंद मध्यावर का आली, ते तुमचं तुम्ही समजा.

मी चिडायची. पण गणपतरावांचा द्वेष करणं अवघड होतं. हिंगोली हरली की त्या दिवशी ते जेवत नसत, असं त्यांची बायकोच सांगायची. गावावर एवढी माया असलेला माणूस तुम्ही कुठून आणणार? पण माया आणि भोंगा या दोन गोष्टी एका हातात देऊ नयेत, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

दुसरं मत त्या शेवटच्या सामन्यांविषयी. आधी महिनाभर सगळे सगळ्यांशी खेळायचे आणि मग जे वर राहतील त्यांची सेमी, त्यांची फायनल. हरला तो बाद. महिनाभर ज्यांनी सगळ्यांना धूळ चारली त्यांच्या एखाद्या गड्याचं त्या दिवशी पोट बिघडायचं आणि सगळं मुसळ केरात. लोकांना तीच मजा वाटते. मला ते मुलगी बघायला येतात तसं वाटतं. वर्षभर घर सांभाळणारी पोरगी त्या एका दुपारी पोह्यांत मीठ जास्त घालते आणि तेवढंच पाहुण्यांच्या लक्षात राहतं. एका दुपारवर माणसाची किंमत ठरवू नये. पण जगानं माझं मत कधी विचारलं नाही आणि सामने तसेच होत राहिले.

मला जो हिवाळा विसरता येत नाही तो दहा वर्षांपूर्वीचा, मोठी लढाई सुरू होण्याच्या आधीचा. त्या वर्षी इथल्या शाळेत ड्रिल मास्तरची जागा निघाली होती. परभणीहून एक मोठे साहेब फायनलला येणार आणि खेळ बघून माणूस निवडणार, असं ठरलं होतं. खेळणाऱ्यांत अर्ज करण्याइतके शिकलेले दोघंच होते, आमचे मधुभाऊजी आणि माझा दत्ता. मी कोणाच्या बाजूनं असावं? घरात विचारायची सोय नव्हती. भाऊजी सालस होते. मला कधी तुटून बोलले नव्हते. त्यांना नोकरी लागावी असं मलाही वाटत होतं. पण त्यांना ती पुढेही कुठेतरी लागली असती. मोठे भाऊ, म्हणजे माझे यजमान, तहसिलीत होते, घर खाऊनपिऊन होतं. दत्ताला लागली असती तर आई हिंगोलीला आली असती.

माझं सगळं त्यात होतं. आईनं खोलीसुद्धा मनात ठरवून ठेवली होती, आमच्याच गल्लीच्या टोकाला, तेल्याच्या घराशेजारी. म्हणायची, "तुझ्या सासूच्या उंबऱ्याच्या आत काई मी येणार न्हाई, पोरीच्या घरचं पाणी बी नको मला. पर तू दळण आणाया निघाली की माझ्या दारावरून जाशील का न्हाई? तेवढं दिसलीस की झालं." रोज एकदा आई दिसणं. सासरी आलेल्या बाईला याच्यापेक्षा मोठं काही मागता येतं का, मला माहीत नाही. मला तरी मागता आलं नसतं.

आणि फायनलला आले ते हिंगोली आणि वसमत. ती दुपार मला कानांनी आठवते. इंजिन बंद पडल्यावर आलेली शांतता, मग ढोल, मग शिट्टी. परभणीचे साहेब म्हातारे होते. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात मंडपाचं तोंड मावळतीला आणि ऊन समोरून. हे मला नंतर कळलं. म्हणजे साहेब मंडपात आणि मी माळवदावर, दोघंही गणपतरावांच्याच तोंडानं सामना बघत होतो. फरक इतकाच की मला त्यांची सवय होती.

पहिला गोल आपला झाला. "मधुकर, वल्द विनायकराव! गोल! गोल! मधुकर!" गणपतरावांनी ते नाव इतक्या वेळा घेतलं की जिनिंगवरची कबुतरं उडाली. आत्याबाईंनी डोळे पुसले. मीही हसले, खरंच हसले. मग बराच वेळ ओढाताण चालली. नंतर एकदा मैदानाच्या टोकाकडून एक लहानसा ओरडा आला. थोड्याच माणसांचा, परक्या गावच्या माणसांचा. आणि भोंगा गप्प झाला. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "गेंद मध्यावर." उन्हं उतरायला लागली तेव्हा दुसऱ्यांदा तसंच झालं. तोच थोड्या माणसांचा ओरडा, तोच गप्प भोंगा. या वेळी गणपतरावांना घसा साफ करायलाही वेळ लागला. डाव्या अंगानं आलेला चेंडू मला डोळ्यांपुढे दिसत होता. दोन्ही दत्ताचेच, अशी माझी खात्री होती. पण नाव कोणी घेतलं नाही.

आमच्या गल्लीची रीत अशी की संघ जिंकून आला की दारादारात ओवाळायचं, भाकरतुकडा उतरवायचा. शेवटची शिट्टी झाली तशा बायका पटापटा खाली उतरल्या. मी आत्याबाईंना हळूच म्हटलं, "आत्याबाई, हरलो आपण."

"कोण म्हणलं? गणपतराव म्हणले का?"

"न्हाई म्हणले. म्हणून तर म्हणते."

"येडी का खुळी तू? आपला एक झाला, त्यांचा एक बी न्हाई झाला. सारी गल्ली ऐकून राहिली व्हती. निरांजन आण बरं."

निरांजन आणलं. सगळ्या दारांत निरांजनं लागली. गोलकीपर रहीमची अम्मी तर गुळाचं ताट घेऊन उभी होती. संघ आला तो मान खाली घालून, काठ्या काखेत मारून. बायकांना वाटलं, पोरं दमली. कोणी म्हणालं, बघा, जिंकून बी किती गरीब! आणि त्या अकरा गड्यांपैकी एकाचीही सांगायची हिंमत झाली नाही. एकेका दारात उभे राहून त्यांनी ओवाळून घेतलं, गूळ खाल्ला. कप वसमतच्या पोरांनी दुसऱ्या रस्त्यानं स्टेशनवर नेला होता. मी भाऊजींना ओवाळलं तेव्हा त्यांनी ज्योतीवरून माझ्याकडे एकदा बघितलं. मला कळलं आहे, हे त्यांना कळलं. पुढे कितीतरी दिवस गल्लीत त्या ओवाळणीवर हसणं चाललं, पण त्या क्षणी आम्ही दोघंही हसलो नाही.

मागच्या दाराशी दत्ता आला. अंगभर धूळ, गुडघा फुटलेला. गाडी गाठायची म्हणून आत येत नव्हता. मी तांब्या दिला, तो उभ्यानंच घटाघटा प्याला.

"अक्का, जिंकलो."

"ठाऊक हाय. दोन मारलेस."

"तुला काय माहीत? त्या भोंग्यानं तर नावच न्हाई घेतलं माझं!"

"दोनदा गप्प बसले ना ते."

तो मोठ्यानं हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "साहेबाला कळलं असंल ना गं?"

मी म्हटलं, "साहेब हाय तो. त्याला डोळे असतील की." मला मोतीबिंदूचं तेव्हा माहीत नव्हतं. तो तांब्या ठेवून पळतच स्टेशनकडे गेला.

थोड्या दिवसांनी हुकूम आला तो मधुभाऊजींच्या नावानं. घरात पेढे आले. आत्याबाई म्हणाल्या, "नशिबाचा खेळ हाय बाई सारा." मी पेढे वाटले. मनात एकच माणूस होता, तो भोंगा खाली घेणारा. साहेबाला दिसत नव्हतं आणि ज्यानं सांगायचं तो गप्प बसला. एवढं साधं होतं ते. गणपतराव रस्त्यात दिसले तर मी तोंड फिरवून जायची. त्यांना बिचाऱ्यांना कारण कधी कळलं नाही. ते आपले "सूनबाई बराबर हाय ना?" विचारत राहिले.

दत्तानं पुढच्या हिवाळ्यात काठी हातात घेतली नाही. अडतीवर हळद तोलायला लागला, अजून तोलतो. मी एकदा त्या गोलांविषयी विचारलं तर म्हणाला, "सोड ना अक्का, काय करायचंय?" आईची खोली तेल्याच्या शेजारी होती तिथेच राहिली, दुसरं कोणी भाडेकरू आलं. आई वसमतलाच वारली. निरोप आला तोवर दिवसाची गाडी निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा अंगण सारवून झालं होतं. आईचं तोंड मला बघायला मिळालं नाही. त्या खोलीवरून आजही दळण घेऊन जाते तेव्हा मी दाराकडे बघत नाही.

मग ती दोन वाईट वर्षं आली. त्यांच्याविषयी लोक पुष्कळ बोलतात, मला बोलायचा कंटाळा आहे. आम्ही कनेरगावचा नाका ओलांडून, निजामाच्या हद्दीबाहेर, वाशीमला नातेवाइकांकडे जाऊन राहिलो. एका खोलीत तीन बिऱ्हाडं. समोरच्या दुकानात रेडिओ होता आणि त्याच्यापुढे माणसांची गर्दी. या रेडिओवर हे जिंकत होते, काटा फिरवला की ते जिंकत होते. माणसं हातवारे करून भांडायची. मी दारात तांदूळ निवडत ऐकायची आणि मला वाटायचं, गणपतराव सगळीकडेच आहेत. काय बोलतात ते मी सोडूनच दिलं होतं. ज्या गावाचं नाव रोज येत होतं आणि एके दिवशी आलं नाही, त्या गावाचं काही खरं नाही, असं समजायची. बहुतेक तसंच निघायचं. हॉकीनं मला दिलेली विद्या ती एवढीच आणि ती अशी कामाला यावी असं मला वाटलं नव्हतं.

आम्ही परत आलो. काही लोक आले नाहीत. आणि आम्ही आलो तेव्हा दुसरे काही निघून गेले होते. रहीमच्या घराला कुलूप आहे. अम्मीला घेऊन तो हैदराबादकडे गेला म्हणतात. यंदा गोलमध्ये कोणी नवखा पोरगा उभा राहतो, त्याच्या पायांमधून चेंडू जातात. झेंडा बदलला, मंडपात बसणारे साहेब बदलले. गणपतरावांचा आवाज पार गेला आहे. खुर्ची टाकून बसतात आणि नुसते ओठ हलवतात. भोंगा आता मधुभाऊजींच्या हातात आहे.

काल सेमी होती, पुन्हा वसमतशीच. मी माळवदावर गेले. खरं सांगते, मला आशा होती. भाऊजी शाळेत पोरांना हेच तर शिकवतात, खेळात आपला-परका बघू नये. सुरुवातही चांगली झाली. भोंग्यातून आलं, "वसमतचे नारायण, फार सुंदर!" माझ्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. आत्याबाई आता माळवद चढत नाहीत, त्या खालून ओरडल्या, "त्यांचं नाव काहून घेऊन राहिलं हे पोरगं?" गल्लीतल्या बायकाही एकमेकींकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, चला, दहा वर्षांनी का होईना, आपल्या मैदानाला वाचा फुटली.

उन्हं कलली. बरोबरी चालली होती. मग लांबून थोड्या माणसांचा ओरडा आला आणि भोंगा गप्प झाला.

मी वाट बघितली. वाटलं, घसा कोरडा पडला असेल, पाणी पीत असतील. पण मग आलं ते, "चेंडू मध्यावर." मी शेंगांची पाटी उचलली आणि खाली आले. हिंगोली हरली, सेमीतच बाद झाली. ते मला न सांगता कळलं होतं आणि या वेळी गल्लीत कोणी निरांजन लावलं नाही. इतक्या वर्षांत बायकाही शिकल्या होत्या.

दिवेलागणीला भाऊजी घरी आले. पाय धुतले, पाटावर येऊन बसले. घसा बसला होता. कानशिलावर केस पांढरे झाले आहेत, ते मला कालच नीट दिसले. चुलीशी आत्याबाई शेकत बसल्या होत्या. मी ताट मांडलं आणि विचारलं, "शेवटचा गोल कोणी मारला, भाऊजी?"

"त्या नारायणानंच."

"मग नाव काहून न्हाई घेतलं?"

ते ताटाकडे बघत राहिले. "निघालंच न्हाई वहिनी. भोंगा तोंडाशी व्हता, नाव बी जिभेवर व्हतं. चारी बाजूनं आपली माणसं माझ्या तोंडाकडं बघून राहिली. गणपतकाका बाजूला बसले व्हते, त्यांच्या डोळ्याला पाणी. न्हाई निघालं."

मला राग येईल असं वाटलं होतं, आला नाही. मी म्हटलं, "असू द्या. दत्ताचे गोल तरी सांगा. तुमी मैदानात व्हता. मला आजवर कोणी सांगितलंच न्हाई ते कसे झाले."

त्यांनी पाण्याचा घोट घेतला. मग बसक्या आवाजात सांगायला लागले. पहिला साधा होता, म्हणाले, गोलाच्या तोंडाशी उडालेला चेंडू त्यानं आत ढकलला. पण दुसरा! दत्ता अर्ध्या मैदानातून एकटाच निघाला. आडवे गेले ते भाऊजीच. त्यानं चेंडू यांच्या काठीखालून काढला आणि हे पालथे पडले. पडल्या पडल्या यांनी मान वर करून बघितलं तर चेंडू जमिनीलगत डावीकडून निघाला आणि रहीमच्या पायापाशी जाऊन आत वळला. "रहीम जागेवरच व्हता, वहिनी. तरी गेला. मागं जाळीतून चेंडू काढताना तो दत्ताला म्हणला, वाह मियाँ. असा गोल मी परत न्हाई बघितला."

मी ऐकत होते. दत्ताला कोणीतरी वाह म्हणालं होतं, एवढं मला नवीन होतं. ते मी मनात साठवत होते तोच भाऊजी पुढे बोलले. मला वाटलं होतं, सांगून झालं.

"दुसऱ्या दिशी सकाळी साहेबांनी मला डाक बंगल्यावर बोलावलं. इचारलं, हमको दिखता नहीं, सच बोलो, वसमतके दो गोल किसने मारे? दत्ता तवा वसमतला पोचला बी व्हता. मी म्हणलो, साहेब, गर्दीत गेले, कळलं न्हाई."

चुलीतलं लाकूड तडतडलं, ते आत्याबाईंनी पुढे सारलं. दहा वर्षं मी एका म्हाताऱ्यावर राग धरला होता. तो फक्त गप्प बसला होता, जसा तो नेहमीच बसायचा. त्याला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते माझ्याच घरात, ज्यांच्या पगारावर माझी लेकरं शिकली त्यांना. तो राग आता उचलून इकडे ठेवायचा तर अंगात तेवढी ताकद पाहिजे. माझ्यात ती नव्हती. मला फक्त आई आठवत होती, आणि खूप आठवत होती.

आत्याबाई चुलीकडे बघतच म्हणाल्या, "म्हंजे ती नोकरी दत्ताची व्हती."

या घरात हे वाक्य आजवर कोणी बोललं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी तव्यावरची भाकरी उतरवून भाऊजींच्या ताटात वाढली. त्यांनी तिला हात लावला नाही. आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांना जेवायचा आग्रह केला नाही.